साइट उघडत नाही: बंद पडली, बिघडली की अडवली?

संगणक दुरुस्तीच्या दुकानात ही तक्रार नेहमीची. "नेट चालू आहे, बाकी सगळं उघडतंय, फक्त हीच साइट उघडत नाही." तक्रार घेऊन येणाऱ्याने बहुतेकदा त्याआधीच प्ले स्टोअरवरून दिसेल ते फुकट व्हीपीएन (आपली वाहतूक दुसऱ्याच्या सर्व्हरमधून फिरवून नेणारी सेवा) टाकलेलं असतं. मूळ दुखणं राहतं बाजूला, वर जाहिराती, संपलेला डेटा आणि रुसलेलं बँकेचं अ‍ॅप एवढं पदरात पडतं.

अडथळा साइटवर, तुमच्या यंत्रात, नाव शोधण्याच्या टप्प्यावर, नेट कंपनीच्या तपासणीत किंवा थेट सरकारी आदेशात असू शकतो, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. म्हणून आधी जागा शोधायची. खालचा क्रम बिनखर्चाच्या सोप्या तपासण्यांकडून अवघड उपायांकडे जातो. मधली पायरी गाळू नका.

लक्षणं

पडद्यावर नेमकं काय आलंय ते वाचा आणि फोटो काढून ठेवा. नुसतं "एरर येतोय" एवढ्यावरून काही कळत नाही.

दूरसंचार विभागाच्या किंवा न्यायालयाच्या आदेशावरून हा पत्ता बंद केला आहे, अशा अर्थाचं इंग्रजी पान आलं तर शंका उरत नाही. ते पान साइटचं नसतं, तुमच्या नेट कंपनीचं असतं. पण हल्ली ते क्वचितच दिसतं, कारण जवळजवळ सगळ्या साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर झाकून पाठवणाऱ्या जोडणीवर, गेल्या आहेत आणि तिथे कंपनीला मध्येच आपलं पान घुसवता येत नाही. त्यामुळे तीच बंदी वेगवेगळ्या रूपांत समोर येते. कधी "कनेक्शन रीसेट झालं" असं येतं. कधी चक्र फिरत राहतं आणि शेवटी वेळ संपल्याची सूचना येते. कधी "सर्व्हरचा आयपी पत्ता सापडला नाही" असं, तर कधी सुरक्षा प्रमाणपत्र (साइट खरी असल्याचा डिजिटल दाखला) जुळत नाही असा इशारा.

"४०३", "४५१" किंवा "तुमच्या देशात उपलब्ध नाही" असं आलं तर तुमची विनंती साइटपर्यंत पोहोचलेली आहे आणि नकार तिकडूनच आलाय. एक्सवरचं एखादं खातं किंवा यूट्यूबवरचा व्हिडिओ फक्त भारतात दिसत नाही तेव्हा हाच प्रकार असतो. आदेश सरकारचा असला तरी दार त्या कंपनीनेच लावलेलं असतं. अशा वेळी खालच्या डीएनएसच्या (साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेच्या) खटपटी करून काही उपयोग नाही.

आणि व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय, नकाशा सगळंच एकदम गेलं असेल तर ते दुखणं वेगळं. थेट नेटबंदीच्या भागाकडे जा.

पाच मिनिटांत होणाऱ्या तपासण्या

पत्ता पुन्हा टाइप करा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवर भरवसा ठेवू नका. मग यंत्राची तारीख आणि वेळ बघा. हसू नका, प्रमाणपत्राचे निम्मे इशारे इथेच मिटतात. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी संपली की प्रत्येक वेळी चालू करताना तारीख काही वर्षं मागे जाते. मग ब्राउझरला प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र खोटं वाटतं. ती बॅटरी किरकोळ पैशांत मिळते. तारीख बरोबर असूनही इशारा येत असेल तर "तरीही पुढे जा" दाबू नका. पलीकडे कोण बसलंय हे माहीत नसताना पासवर्ड टाकण्यासारखी दुसरी चूक नाही.

नंतर इन्कॉग्निटो खिडकीत तीच साइट उघडा. तिथे उघडली तर दोष कुकीज किंवा एखाद्या एक्स्टेन्शनचा, बहुधा जाहिरात अडवणाऱ्याचा. अँटिव्हायरसचं "वेब संरक्षण" आणि राउटरमधलं मुलांसाठीचं नियंत्रण हेसुद्धा नेहमीचे गुन्हेगार. मुलाच्या दहावीच्या वर्षी घातलेलं बंधन पुढे कोणाच्याच लक्षात राहत नाही. लॅपटॉप ऑफिसचा किंवा वायफाय कॉलेजचं असेल तर अडवणूक तिथल्या फायरवॉलची असते, सरकारचा तिथे काही संबंध नसतो. तिथे थांबा आणि त्यांच्या आयटीवाल्याला विचारा. कंपनीच्या यंत्रावर व्हीपीएन टाकून नोकरी धोक्यात घालायचं काही कारण नाही.

दुसऱ्या कंपनीचं नेट लावून बघा

माझ्या मते ही सगळ्यात मोलाची तपासणी, आणि तिला पैसा लागत नाही. घरचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तीच साइट उघडा. मात्र फायबर आणि सिम एकाच कंपनीचं असेल तर ही तपासणी झालीच नाही असं समजा. शेजाऱ्याकडून दोन मिनिटं हॉटस्पॉट मागा, कंपनी वेगळी हवी.

याचं कारण असं की आपल्याकडे सगळ्या देशासाठी एकच मोठी चाळणी नाही. सरकार किंवा न्यायालय यादी पाठवतं आणि प्रत्येक नेट कंपनी आपापल्या पद्धतीने ती अमलात आणते. कुशाग्र सिंह, गुरशबद ग्रोव्हर आणि वरुण बन्सल यांनी सहा कंपन्यांचं नेट तपासून अभ्यास केला होता. निदान एका कंपनीने तरी अडवलेल्या ४०३३ साइट त्यांना सापडल्या, आणि त्यांतल्या जेमतेम १११५ साइट सहाही कंपन्यांनी अडवल्या होत्या. म्हणजे "भारतात बंद आहे" हे वाक्य बरेचदा "माझ्या कंपनीकडे बंद आहे" एवढंच खरं असतं.

व्हीएलसी प्लेअरच्या अधिकृत साइटचं २०२२ मध्ये असंच झालं. वर्षाच्या सुरुवातीपासून भारतात अनेकांकडे ती उघडेना, काहींकडे मात्र व्यवस्थित उघडत होती. साइटच्या मालकांनाही ना नोटीस आली होती ना कारण कळलं होतं. त्यांनी इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मदतीने कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. त्या काळात लोकांनी काय केलं? शोधात वर आलेल्या भलत्याच साइटवरून व्हीएलसी उतरवलं आणि सोबत मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) यायचा धोका ओढवून घेतला. तुम्हाला फक्त सॉफ्टवेअर हवं असेल तर प्ले स्टोअर, मायक्रोसॉफ्ट स्टोअर किंवा लिनक्सची स्वतःची भांडारं बघा. फक्त लेख वाचायचा असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्याची प्रत असू शकते. गंमत अशी की ऑगस्ट २०१७ मध्ये चित्रपटांच्या चोरीविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशात खुद्द हे आर्काइव्हच सापडलं होतं आणि काही काळ भारतात बंद होतं.

दुसऱ्या कंपनीवरही साइट उघडली नाही तर परदेशातल्या कोणाला तरी उघडून बघायला सांगा. घरोघरी कोणी ना कोणी पुण्याहून टोरांटोला किंवा सिडनीला गेलेलं असतंच. तिकडेही उघडत नसेल तर साइटच पडलेली आहे. चहा घ्या, संध्याकाळी परत बघा.

डीएनएस

साइटचं नाव टाकलं की यंत्र आधी त्या नावाचा आयपी पत्ता (सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता) विचारतं. हा प्रश्न मुळात तुमच्या नेट कंपनीच्या डीएनएस सर्व्हरकडे जातो. सर्वांत स्वस्तातली बंदी इथेच घातली जाते. विचारलं तर "असं नावच नाही" म्हणायचं किंवा भलताच पत्ता द्यायचा. "आयपी पत्ता सापडला नाही" आणि तारीख बरोबर असूनही येणारा प्रमाणपत्राचा इशारा, ही दोन लक्षणं बहुधा याच बंदीची.

खात्री करायला विंडोजच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) एनएसलुकअप ही आज्ञा साइटच्या नावासह चालवा. मग त्याच ओळीच्या शेवटी ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस सर्व्हर) जोडून पुन्हा चालवा. आकडे अर्थातच इंग्रजी टाकायचे. दोन उत्तरं वेगळी आली म्हणजे लगेच चोर सापडला असं नाही, मोठ्या साइटना अनेक पत्ते असतात. पण पहिलं उत्तर १२७ किंवा १० या आकड्याने सुरू होणारं असेल, किंवा "सापडत नाही" असं असेल आणि दुसरं व्यवस्थित असेल, तर गोष्ट उघड आहे.

उपाय करताना लोक इथे अर्ध्यावर थांबतात. राउटरमध्ये ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअर कंपनीचा १.१.१.१ घातला की झालं, असं वाटतं. पण साधा डीएनएस प्रश्न उघड्यावरून जातो, त्यामुळे नेट कंपनी तो वाटेत पकडून आपलंच उत्तर देऊ शकते. मार्च २०१४ मध्ये तुर्कस्तानने ट्विटर बंद केलं तेव्हा लोकांनी इस्तंबूलच्या भिंतींवर ८.८.८.८ रंगवलं होतं. थोड्याच दिवसांत तिथल्या कंपन्यांनी गूगलच्या त्या पत्त्यावर जाणारी वाहतूकच आपल्याकडे वळवून घेतली. म्हणून प्रश्न कूटबद्ध (एनक्रिप्ट) होऊन, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येणार नाही असा, जायला हवा.

अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढच्या फोनवर सेटिंगमध्ये नेटवर्कच्या भागात "प्रायव्हेट डीएनएस" असतं. तिथे आकडे चालत नाहीत, नाव लागतं: डीएनएस डॉट गूगल, किंवा वन हा शब्द चार वेळा मध्ये टिंब देऊन, अर्थात इंग्रजी अक्षरांत. क्रोममध्ये सुरक्षिततेच्या सेटिंगमध्ये "सिक्युअर डीएनएस", तर फायरफॉक्समध्ये "डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस" सापडेल. फायरफॉक्समध्ये त्याची सर्वांत कडक पातळी निवडा, नाहीतर अडचण आली की तो गुपचूप जुन्या सर्व्हरकडे वळतो. बदल केल्यावर ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा, विंडोजवर त्याच काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग आणि पुढे तिरकी रेघ देऊन फ्लशडीएनएस ही आज्ञा (इंग्रजीत) चालवून डीएनएसची साठवण पुसा. हे राहिलं की लोक म्हणतात, "तुम्ही सांगितलेलं केलं, काही झालं नाही."

याचा एक त्रास आधीच सांगतो. हॉटेल किंवा स्टेशनच्या वायफायवर मोबाइल नंबर मागणारं पान येतं ना, ते प्रायव्हेट डीएनएस चालू असेल तर काही वेळा येतच नाही. तेवढ्यापुरतं बंद करा, लॉगिन झालं की पुन्हा चालू.

"कनेक्शन रीसेट" जात नसेल तर

डीएनएस बदलूनही तेच येत असेल तर बंदी पुढच्या टप्प्यावर आहे. एचटीटीपीएसमध्ये पानावरचा मजकूर झाकलेला असतो, पण जोडणीच्या पहिल्याच निरोपात साइटचं नाव उघडं जातं. एकाच सर्व्हरवर शेकडो साइट असतात, त्यामुळे कोणाचं प्रमाणपत्र द्यायचं ते सर्व्हरला कळावं म्हणून ही सोय आहे. तिला एसएनआय म्हणतात. नेट कंपनी ते नाव वाचते आणि यादीत असेल तर जोडणी तोडते. जिओ ही पद्धत वापरत असल्याचं सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संशोधन संस्थेने २०१९ मध्ये दाखवून दिलं होतं.

हे नावही झाकणारं ईसीएच नावाचं तंत्र आलंय. फायरफॉक्स आणि क्रोमच्या नव्या आवृत्त्यांत ते आहे, पण ब्राउझरचा डीएनएस कूटबद्ध असेल आणि पलीकडच्या साइटनेही सोय केली असेल तरच चालतं. म्हणजे वरची पायरी केली असेल तर काही साइट आपोआप उघडू लागतात. बाकीच्यांना हा इलाज लागू पडत नाही.

इथवर आलात की ऊनी प्रोब हे मोफत अ‍ॅप उपयोगी पडतं. अडथळा नावाच्या टप्प्यावर आहे की जोडणीच्या, हे ते तपासून सांगतं. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. त्याचे निष्कर्ष तुमच्या नेट कंपनीच्या नावासह जाहीर होतात. आणि सगळी यादी चालवली तर तुमच्या जोडणीवरून नाही नाही त्या साइटना हाका जातात. मी लोकांना हवा तो एकच पत्ता तपासायला सांगतो.

व्हीपीएन, आणि त्याची खरी किंमत

व्हीपीएन लावलं की नेट कंपनीला तुम्ही कुठल्या साइटवर जाता ते दिसत नाही. ते आता व्हीपीएनवाल्याला दिसतं. विश्वास एका दुकानातून उचलून दुसऱ्या दुकानात ठेवला, एवढाच हा व्यवहार. म्हणून दुसरं दुकान कोणाचं आहे ते बघायला हवं.

फुकट व्हीपीएनबद्दल माझं मत कडवट आहे आणि ते उगाच नाही. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेसह काही संशोधकांनी २०१६ मध्ये २८३ अँड्रॉइड व्हीपीएन अ‍ॅप तपासली. ३८ टक्क्यांत मालवेअरच्या खुणा सापडल्या आणि १८ टक्के अ‍ॅप वाहतूक कूटबद्धच करत नव्हती. होला नावाच्या लोकप्रिय सेवेबद्दल २०१५ मध्ये उघड झालं की तुमचीच जोडणी ती इतरांना वापरायला देत होती. फुकटच हवं असेल तर निदान जिचे पैसे भरणारे ग्राहक आहेत अशा कंपनीची मोफत योजना घ्या. प्रोटॉनची तशी आहे.

सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये निर्देश काढून व्हीपीएन पुरवणाऱ्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. २०२५ च्या सुरुवातीला काही व्हीपीएन अ‍ॅप भारतातल्या अ‍ॅप स्टोअर आणि प्ले स्टोअरवरून उतरवली गेली, त्यात क्लाउडफ्लेअरचं १.१.१.१ सुद्धा होतं. ते स्टोअरमध्ये सापडलं नाही म्हणून कुठल्याही साइटवरून एपीके (अँड्रॉइडची स्थापना-फाइल) उतरवू नका. तुम्हाला डीएनएसच हवा असेल तर तो वर सांगितलेल्या सेटिंगमध्ये अ‍ॅपशिवायही मिळतो.

लावल्यानंतर येणाऱ्या तक्रारीही ठरलेल्या. व्हीपीएन जोडलंच जात नसेल तर त्याच्या सेटिंगमध्ये प्रोटोकॉल (जोडणीची पद्धत) बदला. वायरगार्ड हा प्रोटोकॉल यूडीपी या प्रकारच्या वाहतुकीवर चालतो आणि कित्येक ऑफिस-कॉलेजांची वायफाय यूडीपी अडवतात, तिथे टीसीपी ४४३ वरचा (साध्या एचटीटीपीएसच्याच वाटेने जाणारा) ओपनव्हीपीएन निघून जातो. जोडलं पण साइट तरीही उघडत नसेल तर बहुधा डीएनएस किंवा आयपीव्ही६ (नव्या प्रकारच्या पत्त्यांची वाहतूक) व्हीपीएनच्या बाहेरून गळतंय, अ‍ॅपमधलं गळती रोखणारं सेटिंग चालू करा. व्हीपीएन बंद केल्यावर नेटच गेलं, तर "किल स्विच" (व्हीपीएन तुटलं की नेटच बंद करणारी सोय) चालू राहिलाय. आणि बँकेचं अ‍ॅप किंवा एखादी सरकारी साइट अचानक उघडेनाशी झाली, तर व्हीपीएन बंद करून बघा. आपल्याकडच्या कित्येक सरकारी साइट परदेशी पत्त्याला दारात उभं करत नाहीत. अमेरिकेतून सातबारा बघू पाहणाऱ्या भाच्यालाही याच कारणाने अडचण येऊ शकते, त्याला उलट भारतातला पत्ता लागतो.

चीनला मालखरेदीला जाणारे व्यापारी विचारतात म्हणून एक ओळ. तिथे पोहोचल्यावर व्हीपीएन शोधू नका, उतरवायची साइटच उघडणार नाही. भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेऊन जा, त्याची वाहतूक आपल्या कंपनीच्या जाळ्यातून जाते म्हणून व्हॉट्सअ‍ॅप चालतं.

टॉर

टॉर ब्राउझर फुकट आहे आणि फुकट असूनही भरवशाचा आहे, कारण तीन वेगवेगळ्या सर्व्हरमधून वाहतूक जाते आणि तिन्हींपैकी कोणा एकालाही पूर्ण वाट माहीत नसते. हळू चालतो, जागोजागी "मी रोबो नाही" विचारतो. बँकेसाठी वापरू नका. सुरूच होत नसेल तर पुन्हा तेच, आधी घड्याळ बघा. मग जोडणीच्या सेटिंगमध्ये ब्रिज (टॉरमध्ये शिरायची आडवाट) निवडा. स्नोफ्लेक हा सर्वांत सोपा, तो तुमची वाहतूक व्हिडिओ कॉलसारखी दाखवतो. भारतात बहुतेकदा ब्रिजची गरज पडत नाही. चीन, इराण, रशियात पडते. अधिकृत साइटच अडवलेली असेल तर टॉर प्रकल्पाच्या गेटटॉर या ईमेल पत्त्यावर लिहिलं की उतरवण्याच्या लिंक येतात.

नेटच बंद असेल तर

जून २०२३ मध्ये कोल्हापुरात, फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगरमध्ये झालं तसं जिल्ह्याचं मोबाइल नेटच बंद केलं असेल, तर व्हीपीएन, टॉर, डीएनएस काहीही चालणार नाही. हे सगळे उपाय चालू नेटवरचे आहेत. अशा वेळी फोन रीसेट करणं, सिम बदलणं, दुकानात रांग लावणं थांबवा. तारेने येणारं ब्रॉडबँड चालू आहे का बघा, बरेचदा आदेश फक्त मोबाइल डेटाचा असतो. कॉल आणि एसएमएस चालतात का बघा. नकाशे आधीच उतरवून ठेवलेले आणि खिशात थोडी रोकड असली की यूपीआय नसल्याचा निम्मा त्रास वाचतो. ब्रायर नावाचं अ‍ॅप जवळच्या फोनशी ब्लूटूथवर बोलतं, पण मे २०२३ मध्ये सरकारने अडवलेल्या चौदा मेसेजिंग अ‍ॅपमध्ये तेही आहे.

नेटबंदीचा आदेश गुप्त ठेवता येत नाही. अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी तसं स्पष्ट केलं आणि २०२४ च्या नियमांतही आदेश प्रसिद्ध करायचं बंधन आहे. एक आदेश पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या साइटवर किंवा समाजमाध्यमाच्या खात्यावर तो शोधा, म्हणजे नेट कधी येणार हे निदान कळतं.

कुठे थांबायचं

भारतात व्हीपीएन वापरणं हा आपोआप गुन्हा होत नाही. पण जम्मू-काश्मीरमधल्या काही जिल्ह्यांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी व्हीपीएनवर बंदीचे आदेश काढले आहेत. तसा आदेश लागू असेल तिथे हात आवरा, सेटिंगमध्ये हुशारी दाखवायची ती जागा नव्हे. दुबईला असाल तर आणखी जपून. गुन्हा करायला किंवा लपवायला व्हीपीएन वापरल्यास तिथल्या कायद्यात किमान पाच लाख दिरहम दंड आहे. घरी बोलायला तिथे परवानगी असलेली कॉलिंग अ‍ॅप वापरा.

तुम्ही पत्रकार असाल, कार्यकर्ते असाल, तुमच्या हातात दुसऱ्याचा जीव किंवा नाव असेल, तर दुकानदाराच्या सल्ल्यावर चालू नका. अ‍ॅक्सेस नाऊ या संस्थेची डिजिटल सुरक्षेची हेल्पलाइन चोवीस तास मोफत चालते, तिकडे लिहा.

आणि अडवलेली साइट तुमची स्वतःची असेल तर तंत्राचा नाद सोडून वकील गाठा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली बंदी घालताना मजकूर टाकणाऱ्याला किंवा मध्यस्थाला शोधून म्हणणं मांडू द्यावं असं २००९ चे नियम सांगतात, पण त्याच नियमांतलं सोळावं कलम सगळी कारवाई गुप्त ठेवायला सांगतं. त्यामुळे माहिती अधिकारात अर्ज केला तर नकार येण्याचीच शक्यता जास्त. हुंड्याची खिल्ली उडवणारी एका पत्रकाराची "डावरी कॅल्क्युलेटर" ही साइट अशीच अडवली गेली होती. तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने बंदीच्या आदेशाची प्रत त्याला द्यायला आणि त्याची सुनावणी घ्यायला सांगितलं. वकिलाकडे जाताना तीन गोष्टी न्या: पडद्यांचे फोटो तारखेसह, कुठल्या कंपनीवर उघडते आणि कुठल्यावर नाही याची यादी, आणि नेट कंपनीच्या ग्राहक सेवेने दिलेला तक्रार क्रमांक. हा क्रमांक त्यांच्याकडून मागून घ्यावा लागतो, आपणहून देत नाहीत.